सायकलने लिंडिस्फार्नला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटावर एका दिवसात सायकलने जाऊन येणाऱ्यांसाठी हे पान आहे. न्यूकॅसल, एडिंबरा, लीड्सकडचे मराठी लोक सुट्टीत इथे बरेच येतात. भारतातून फिरायला आलेल्यांनाही एक दिवस काढता येतो. अंतर फार नाही, चढ नावापुरते. अवघड आहे ती फक्त वेळ.

हे बेट नेमकं काय आहे? 'होली आयलंड' वेगळं का?

वेगळं नाही, एकाच बेटाची दोन नावं आहेत. रस्त्यावरच्या पाट्यांवर बहुधा 'होली आयलंड' असतं. इ.स. ६३५ मध्ये स्कॉटलंडच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन नावाच्या साधूने इथला राजा ऑस्वल्ड याच्या पाठिंब्याने इथे मठ स्थापला. पुढे कथबर्ट इथला बिशप झाला. ६८७ मध्ये तो वारला आणि त्याच्या समाधीमुळे बेट तीर्थक्षेत्र बनलं. इ.स. ७००च्या सुमारास इथेच 'लिंडिस्फार्न गॉस्पेल्स' ही बायबलमधल्या शुभवर्तमानांची चित्रमय हस्तलिखित पोथी तयार झाली. ती बघायला म्हणून बेटावर येऊ नका, मूळ प्रत लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी मठ लुटला, ८७५ मध्ये साधू कथबर्टचा देह घेऊन निघून गेले. आज दिसतात ते लालसर दगडाचे अवशेष त्या पहिल्या मठाचे नाहीत. बाराव्या शतकात डरहॅमच्या बेनेडिक्टाइन साधूंनी पुन्हा मठ उभारला, त्याचे ते आहेत. आठव्या हेन्रीच्या काळात तोही बंद पडला.

रस्ता पाण्याखाली जातो म्हणजे अगदी पूर्ण जातो का?

हो. मुख्य भूमीवरच्या बील गावाच्या किनाऱ्यावरून बेटाकडे जाणारा डांबरी रस्ता भरतीला दिसेनासा होतो. हा रस्ता १९५४ मध्ये झाला, त्याआधी वाळूतूनच जावं लागे. मुंबईच्या हाजी अलीची वाट आठवली तर कल्पना येईल. फरक एवढाच की इथली वाट किलोमीटरच्या हिशोबात मोजायची आणि पाणी दोन्ही बाजूंच्या वाळूवरून पसरत येतं.

दिवसातून दोनदा, दर वेळी साधारण पाच-साडेपाच तास बेट तुटतं. पूर्ण भरतीच्या सुमारे दोन तास आधी रस्ता असुरक्षित होतो आणि भरतीनंतर तीन-साडेतीन तासांनी मोकळा होतो. आधी दोन आणि नंतर तीन का, असं बरेच जण विचारतात. वाळूच्या सपाट पट्ट्यावर चढलेलं पाणी सावकाश निथळतं, आणि रस्त्यातला सगळ्यात खोल भाग शेवटी उघडा पडतो.

नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल सुरक्षित वेळांचा तक्ता आधीच जाहीर करते, बीलच्या टोकाला फलकही आहे. त्या तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि वेळ कागदावर लिहून हँडलबारच्या पिशवीत टाका. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. तक्ता गणिताने काढलेला असतो, त्यात त्या दिवशीची हवा धरलेली नसते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. दाब खूप खाली आणि वर उत्तरेचा जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्याच्या आधी येऊ शकतं.

मग कोणता दिवस निवडायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. सुट्टी कधी आहे ते आधी बघतात, तक्ता नंतर. उलट करा. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे दिवसांचे ढोबळ दोन प्रकार पडतात.

पहिला, मधली खिडकी. उदाहरणार्थ, तक्त्यात 'सुरक्षित सकाळी १०:४० ते संध्याकाळी ६:००' असं आहे. बेरिक या रेल्वे स्टेशनच्या गावाहून साडेआठ-नऊला निघा, अकराच्या सुमारास बेटावर पोचा, चार-साडेचारला परत निघा. नवख्यांनी हाच दिवस घ्यावा.

दुसरा, बेटावर अडकून राहण्याचा दिवस. 'सकाळी ६:४० ते दुपारी १:४०' आणि पुन्हा 'संध्याकाळी ७ पासून' अशी वेळ असेल तर बारापर्यंत बेटावर पोचा आणि दुपार तिथेच काढा. गाड्या आणि बसेस एकच्या आत पळतात आणि दीडशेच्या आसपास वस्तीचं ते गाव एकदम शांत होतं. आमच्या मते बेट खरं बघायचं ते याच वेळी. पण हे जून-जुलैतच जमतं. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातला निघूनही उजेडात बेरिक गाठता येतं. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, तेव्हा हा बेत मनातही आणू नका. शेवटची गाडी किती वाजता आहे तेही आधी बघून ठेवा.

पंचांगावरून अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि कोकणातल्या माणसाला हे लगेच पटेल. मुंबईच्या बाजूला जुना हिशोब आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, तिथे ढोबळ बारा धरा. लिंडिस्फार्नला त्या आकड्यात उन्हाळी घड्याळाप्रमाणे साधारण सव्वातीन तास मिळवा, हिवाळ्यात सव्वादोन. म्हणजे पौर्णिमेला नि अमावास्येला भरती दुपारी सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास, रस्ता बंद दुपारी दीड ते सातच्या सुमारास. षष्ठीला भरती सकाळी पावणेआठ आणि रात्री आठच्या आसपास, म्हणजे मधला दिवस मोकळा.

थोडक्यात, षष्ठी ते अष्टमी, दोन्ही पक्षांत, 'मधली खिडकी' मिळते. या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणीही कमी चढतं. पुनव-अवसेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा जास्त जपायचं. हा हिशोब सुट्टी कुठल्या आठवड्यात टाकायची ते ठरवण्यापुरता. त्यात पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि पाऊण तासात तिथे चाकं बुडतात. रस्त्यावर उतरताना फक्त कौन्सिलचा तक्ता.

बेरिकपासून किती अंतर आणि रस्ता कसा आहे?

बेरिक-अपॉन-ट्वीड स्टेशनपासून बेटावरच्या गावापर्यंत एका बाजूने साधारण २५ किमी, जाऊन-येऊन पन्नास. पाट्यांवर मैल असतात, १ मैल म्हणजे १.६ किमी. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक १ पकडायचा. निळ्या पाटीवर लाल चौकोनात पांढरा १ असतो.

स्टेशनवरून उतरून ट्वीड नदी ओलांडा (सतराव्या शतकातला जुना दगडी पूल सायकलला जास्त बरा), ट्वीडमाउथवरून स्पिटलला या. तिथून रस्ता कड्याच्या कडेने चालतो. उजवीकडे लंडन-एडिंबरा रेल्वे, डावीकडे समुद्र. पुढे कॉकलॉबर्नची पुळण, गॉसविकचं गोल्फ मैदान आणि मग बीलचा किनारा. या पट्ट्याचा बराचसा भाग डांबरी नाही. खडी, गवतातली पायवाट, गुरांच्या खुरांनी खाचखळगे पडलेली माती, आणि उघडून पुन्हा लावायची फाटकं. पावसानंतर इथला वेग ताशी ८-१० किमीवर येतो. २५ किमीला दीड तास पुरेल असा हिशोब लोक करतात, तो इथे फसतो. कोरड्या दिवशी दोन तास, ओल्या दिवशी अडीच-पावणेतीन धरा.

ए-वन हायवेने सरळ जाता येत नाही का?

नकाशावर सोपं दिसतं, पण जाऊ नका. ट्रक वेगाने जातात आणि कडेला जागा नाही. बसने किंवा गाडीने येऊन बीलच्या वळणावरून सायकल चालवणार असाल तर बीलला रेल्वे फाटक लागतं. इथून एक्स्प्रेस गाड्या वेगात जातात, एक गेली म्हणजे संपलं असं नाही, दुसऱ्या बाजूची येत असते. दिवे विझेपर्यंत थांबा आणि रूळ काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात की पुढचं चाक खाचेत अडकतं.

लहान मुलं किंवा सवय नसलेली मंडळी बरोबर आहेत. काय करावं?

बेरिकचा हट्ट सोडा. गाडी बीलच्या बाजूला लावा आणि तिथून सायकली काढा. किनाऱ्यापासून गावापर्यंत सपाट ५ किमी, ए-वनपासून धरलं तर ८. मात्र रस्ता अरुंद आहे, गाड्याही त्याच वेळी त्याच रस्त्याने जातात. तक्त्यातली वेळ सुरू होताच पहिल्या अर्ध्या तासात गाड्यांची रांग लागते, ती जाऊ द्या आणि मग निघा. मुलं मधे, एक मोठा पुढे, एक मागे.

रेल्वेत सायकल चढवता येते का?

येते, आणि वेगळे पैसे नाहीत. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिकिटाबरोबर सायकलची जागा राखून ठेवावी लागते आणि जागा मोजक्याच असतात. एडिंबरा किंवा न्यूकॅसलहून बेरिक पाऊण तासाच्या आसपास. एलएनईआर या रेल्वे कंपनीच्या नव्या गाड्यांत सायकल उभी टांगायची असते. पुढचं चाक आकड्यात अडकवताना रुंद टायर, मडगार्ड आणि रुंद हँडल त्रास देतात. मागच्या पिशव्या फलाटावर गाडी यायच्या आधीच काढून ठेवा, दारात उभं राहून पट्टे सोडवायला वेळ नसतो.

कुठली सायकल? बरोबर काय घ्यावं?

हायब्रिड किंवा ग्रॅव्हल, टायर ३२ ते ४० मिमी. ७५ किलोच्या माणसाला ३५ मिमी टायरमध्ये ४५-५० पीएसआय हवा ठीक. त्याहून कडक भराल तर स्पिटलपुढच्या खाचखळग्यांत मनगटं बोलायला लागतील. पातळ टायरची रेसिंग सायकल असेल तर बीलहून सुरुवात करा. भाड्याची सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची लावून घ्या आणि व्हॉल्व्ह कुठला आहे ते पाहा. इथे बहुतेक बारीक प्रेस्टा असतो, वरचा छोटा स्क्रू आधी सैल केल्याशिवाय त्यात हवा जात नाही. पंप त्याला बसतो ना, हे दुकानातच तपासा.

सामान: दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच, पंप, ४-५-६ मिमी ॲलन चाव्या असलेला मल्टिटूल, आपल्या चेनला बसणारी एक क्विक लिंक. पाणी दीड लिटर, वारा अडवणारं पातळ जाकीट जुलैतही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दिवसाही. हेल्मेट इथे कायद्याने सक्तीचं नाही, तरी घाला. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

वाऱ्याचं काय? येताना दमछाक होते म्हणतात.

होते, आणि त्याचं कारण साधं आहे. इथे बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा वारा असतो. बीलहून बेटाकडे जाताना रस्ता पूर्व-ईशान्येला जातो, म्हणून वारा पाठीवर घेतो. सायकल आपोआप पळते आणि वाटतं, आज पाय छान चाललेत. परतताना तोच वारा तोंडावर, तोही नेमका पाण्याखाली जाणाऱ्या पट्ट्यात, जिथे आडोशाला एक झाड नाही. जाताना ताशी २२ पडले असतील तर येताना १० धरा. म्हणजे ५ किमीला अर्धा तास, आणि एक पंक्चर झालं तर आणखी वीस मिनिटं. म्हणून नियम ठेवा: तक्त्यातली वेळ संपायच्या एक तास आधी तुम्ही मुख्य भूमीवर पोचलेले असायला हवं. गावातून निघालेले नव्हे, पोचलेले.

रस्त्यावर थोडंसंच पाणी दिसतंय. सायकल उचलून जाता येईल?

नाही. सगळ्यात खोल भाग बीलच्या बाजूला, ओढ्यावरच्या पुलाजवळ आहे. म्हणजे बेटावरून येताना चार-साडेचार किमी कोरडा रस्ता मिळतो आणि शेवटी पाणी आडवं येतं. तोवर मागेही पाणी चढू लागलेलं असतं. वाहत्या पाण्यात डांबराची कड दिसत नाही, आणि हातातली सायकल प्रवाहाला शिडासारखी लागते.

पाणी पुढे दिसलं आणि मागचा रस्ता कोरडा असेल तर बेटावर परत फिरा. पुलाजवळ असाल तर तिथे खांबांवर उभी लाकडी खोली आहे, ती अशाच वेळेसाठी. सायकल खाली सोडा, जिना चढा, ९९९ लावा आणि 'कोस्टगार्ड' मागा. मग पाणी उतरेपर्यंत थांबायचं किंवा लाइफबोट येईल. दरवर्षी इथे गाड्या बुडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी 'थोडंसंच तर पाणी आहे' असाच विचार केलेला असतो.

वाळूत खांब रोवलेली जुनी यात्रेकरूंची वाट सायकलने करावी का?

करू नका. पिलग्रिम्स वे ही पायी जायची वाट आहे, तीही ओहोटी लागलेली असताना, बहुतेक जण अनवाणी. मऊ वाळू आणि चिखलात चाक रुततं, आणि खारा चिखल बेअरिंगमध्ये शिरला की तो महिनाभर किरकिरतो. रस्त्याचा तक्ता या वाटेला लागू पडत नाही, हिची सुरक्षित वेळ बरीच कमी असते.

बेटावर किती वेळ लागतो? काय बघावं?

साडेतीन-चार तास भरपूर. सायकल गावात कुलूप लावून ठेवा आणि पायी फिरा. मठाच्या अवशेषांत एक नक्षीदार तिरपी कमान अधांतरी उभी आहे. वरचा मनोरा कोसळला तरी ती राहिली. इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या संग्रहालयात नवव्या शतकातला एक दगड आहे, त्यावर शस्त्रं उगारलेल्या माणसांची रांग कोरलेली आहे. हातभर उंचीचासुद्धा नसेल, पण त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबा.

किल्ला गावापासून किलोमीटरभर. सोळाव्या शतकात मठाचेच दगड वापरून तो बांधला. १९०१ नंतर त्याचं राहत्या घरात रूपांतर केलं एडविन लट्यन्सने, तोच नवी दिल्लीवाला. किल्ल्यापलीकडच्या मोठ्या चुनाभट्ट्या लोक सोडून देतात, आत डोकावून या. बंदराजवळ जुन्या होड्या उलट्या घालून केलेल्या खोल्या आहेत. कडेच्या छोट्या टेकाडाबेटावर, जिथे कथबर्ट एकांतासाठी जाई, ओहोटीलाच जाता येतं. त्याची वेळ मोठ्या रस्त्याहून वेगळी असते.

मठ आणि किल्ला दोन्ही हिवाळ्यात बरेच दिवस बंद असतात आणि एरवीही भरतीप्रमाणे वेळा बदलतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख टाकून बघा.

जेवणाचं? शाकाहारी मिळेल?

कॅफे आणि पब आहेत. खासियत म्हणाल तर खेकड्याचं सँडविच. शाकाहाऱ्यांना सूप, बटाटा, चीज सँडविच, यापलीकडे फार अपेक्षा नको. दुपारी गर्दी असते, आणि रस्ता बंद व्हायच्या आसपास काही ठिकाणं आवरायला घेतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि सुकी चटणी बरोबर असेल तर निश्चिंत. इथली मधापासून केलेली मीड प्रसिद्ध आहे, पण बाटली घरी न्या. नशेत सायकल चालवणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

धुकं आलं तर?

मे-जूनमध्ये स्वच्छ ऊन असताना समुद्रावरून अचानक धुकं येतं, इथले लोक त्याला 'फ्रेट' म्हणतात. तापमान पटकन उतरतं आणि शंभर पावलांपलीकडचं दिसत नाही. दिवे लावा, जाकीट घाला, एकामागे एक चला. पाणी कुठे आहे ते दिसत नसल्यामुळे अशा दिवशी घड्याळ हाच एक आधार.

वाळूच्या टेकड्यांवरून सायकल नेता येते का?

नाही. बेटाभोवतीचा बराच भाग राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, आणि या बेटापलीकडे कुठेही न आढळणारी ऑर्किडची एक जात वाळूच्या टेकड्यांत उगवते. पायी गेलात तरी एक काळजी घ्या. पिरी-पिरी नावाची दक्षिण गोलार्धातून आलेली वनस्पती इथे फोफावली आहे. तिची बोंडं आघाड्यासारखी कपड्यांना चिकटतात. मोजे, बुटांच्या नाड्या, हातमोज्यांच्या वेल्क्रोत ती हमखास सापडतात. बेटावरच एकेक उपटून पिशवीत भरा आणि घरी कचऱ्यात टाका. रस्त्यात झटकली तर पुढच्या वर्षी मुख्य भूमीवर उगवतील.

परत आल्यावर सायकलचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी धुवा, उद्यावर टाकू नका. रस्त्यावर शेवाळ, वाळू आणि खाऱ्या पाण्याची डबकी असतात, चाकांनी ते सगळं चेनवर उडालेलं असतं. बादलीभर गोडं पाणी, थोडा भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, त्याने मीठ बेअरिंगच्या आत जातं. रिम ब्रेक असतील तर ब्रेकच्या रबरात रुतलेले वाळूचे कण सुईने काढा, नाहीतर प्रत्येक ब्रेकला रिम कोरली जाते. फडक्याने पुसून, तासभर वाळवून, मग चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब आणि जास्तीचं पुसून टाका. डिस्कवर तेल उडू देऊ नका. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू विसरले जातात आणि सगळ्यात आधी तेच गंजून बसतात. विजेवरची सायकल असेल तर बॅटरी काढून तिचे संपर्कबिंदू कोरड्या फडक्याने पुसा, आणि डबक्यातून तर ती मुळीच नेऊ नका.